शहरात छोट्या पेट्रोल गाडीचे ॲव्हरेज १३ वर आले आहे. नेमके कुठे पाहावे?

वर्धारोडकर

नमस्कार. माझ्याकडे २०१९ सालची, एक लिटर इंजिनाची, तीन सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. नागपुरात चिंचभुवनहून सिव्हिल लाइन्समधील कार्यालयात माझे रोजचे जाणे-येणे याच गाडीने होते आणि अधूनमधून आई-बाबांकडे वर्ध्याला जाते. हिवाळ्यात ही गाडी शहरात लिटरमागे १६ ते १७ किलोमीटर देत होती. होळीनंतर ॲव्हरेज उतरत गेले आणि आता डॅशबोर्डवरचा आकडा १३ च्या वर चढत नाही. वर्ध्याच्या रस्त्यावर पूर्वी २१ सहज मिळत असे, तिथेही आता १८ वर समाधान मानावे लागते.

ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेते, तिथे स्कॅनर लावून पाहण्यात आले. एकही एरर कोड निघाला नाही. उन्हाळ्यात एसीमुळे एवढे होतेच, असे सांगून त्यांनी इंजेक्टर साफ करून घेण्याचे आणि पेट्रोलमध्ये टाकायचे एक ॲडिटिव्ह विकत घेण्याचे सुचवले. एअर फिल्टर व इंजिन ऑइल दिवाळीच्या सुमारास बदललेले आहे. हा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, असे वाटले. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा यात कितपत वाटा असतो, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

एक विनंती आहे. एसी बंद ठेवा, हा सल्ला कृपया देऊ नये. दुपारी शाळेतून मुलीला आणायचे असते आणि त्या वेळी पारा ४५ अंशांच्या आसपास असतो.

निवृत्त यंत्रज्ञ, हिंगणा रोड

ताई, नमस्कार. माझी सगळी नोकरी वाहनांच्या कार्यशाळेत झाली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या माहितीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घसरण शहरात आणि हमरस्त्यावर दोन्हीकडे आहे. दोष केवळ एसीचा आणि सिग्नलचा असता, तर शहरातला आकडा पडला असता, पण बुटीबोरीच्या पुढे एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीचे तीन किलोमीटर एवढ्याने कमी झाले नसते. तिथेही पेट्रोल जास्त लागत असेल, तर चाकांना कुठे तरी अडथळा होत असण्याची शक्यता आधी तपासली पाहिजे. स्कॅनर इंजिनाच्या सेन्सरांची खबर देतो. टायरमध्ये हवा कमी आहे किंवा ब्रेकचा शू (चाक थांबवणारी पट्टी) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला, घासतो आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून इंजेक्टरच्या सफाईवर आणि ॲडिटिव्हवर तूर्त एक रुपयाही खर्च करू नका.

पहिले काम मोजमापाचे. डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीच्या संगणकाने बांधलेला अंदाज असतो आणि बहुतेक गाड्यांत तो प्रत्यक्षापेक्षा थोडा गोडच असतो. टाकी पूर्ण भरा, नोझल आपोआप बंद झाली की तिथेच थांबा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. किमान ३०० किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरा आणि झालेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागा. नोझल बंद झाल्यावर रक्कम पूर्ण करण्यासाठी ठासून पेट्रोल भरू देऊ नये. त्याने हिशेब तर चुकतोच, शिवाय टाकीतील वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरून तो कायमचा निकामी होऊ शकतो.

दुसरे काम हवेचे, आणि आपल्या नागपुरात याच ठिकाणी सर्वाधिक गफलत होते. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. त्यावर हवेचा जो आकडा असतो, तो थंड टायरसाठी, म्हणजे गाडी काही तास सावलीत उभी असताना मोजायचा असतो. मे महिन्यात दुपारी तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावरून पंपावर पोहोचलेल्या टायरमधील हवा सहज ६० अंशांपर्यंत गेलेली असते. त्या अवस्थेत मीटरवर ३३ दिसले, म्हणून आपण निश्चिंत होतो. पण तोच टायर पहाटे ३० अंशांवर आला की आकडा २९ च्याही खाली उतरतो. म्हणजे दुपारी बरोबर भरलेली हवा सकाळी चार पॉइंटांनी कमी असते. उन्हाळ्यात गरम टायर पाहून कर्मचारी हवा काढून टाकतात, तेव्हा तर आणखी दोन-तीन पॉइंट जातात. शंभर-दीडशे रुपयांपासून मिळणारा हवा मोजण्याचा साधा गेज घ्या, सकाळी घरीच मोजा, आणि कमी निघाल्यास जवळच्या पंपावर तेवढी भर घाला. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तिसरे काम ब्रेकचे. वर्ध्याला जाताना शेवटचे काही किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरा आणि मोकळ्या जागी गाडी सावकाश थांबवा. मग प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, स्पर्श न करता, तळहात न्या. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले जाणवले, तर त्याच चाकाचा ब्रेक धरून राहतो आहे असे समजावे. खात्री करायची असेल तर सपाट जागेवर पुढच्या चाकांना विटा लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागचे चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा. शू ड्रमला हलकासा घासल्याचा आवाज आला तरी चालेल, पण चाक दोन-तीन फेरे मोकळेपणाने फिरले पाहिजे. ढकलल्याबरोबर ते थांबत असेल तर शूचे ॲडजस्टमेंट, हँडब्रेकची केबल किंवा व्हील सिलिंडर पाहावे लागेल. पुढच्या डिस्कमध्ये कॅलिपरच्या पिना धुळीने कोरड्या पडतात, त्या साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावावे. ही कामे कुठल्याही चांगल्या मेकॅनिककडे फार खर्चाची नाहीत.

यानंतरही फरक पडला नाही तर व्हील अलाइनमेंट, स्पार्क प्लग आणि थर्मोस्टॅट या क्रमाने जावे. थर्मोस्टॅट उघडा राहिला तर इंजिन थंडच राहते आणि पेट्रोल जास्त पिते, पण तो दोष हिवाळ्यात जास्त जाणवतो. तुमच्या गाडीची लक्षणे तशी नाहीत. एअर फिल्टरची काळजी करू नका. इंजेक्शनच्या इंजिनात फिल्टर थोडा धुळकट असला तर पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

धरमपेठी

वर्धारोडकर ताई, यंत्रज्ञ काकांनी सांगितलेले सर्व योग्यच आहे. माझ्याकडून दोन गोष्टी सुचवतो. सिग्नल लांबून लाल दिसला किंवा उड्डाणपुलाचा उतार लागला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घरंगळू द्यावी. तसेच पेट्रोल नेहमी पहाटे भरावे, कारण उन्हात ते फुगते आणि आपल्या पैशाला कमी पेट्रोल येते.

यंत्रशास्त्राचा शिक्षक

धरमपेठी दादा, तुमचा हेतू चांगला आहे, परंतु या दोन्ही बाबतींत मी आदरपूर्वक वेगळे मत मांडतो, कारण पहिला सल्ला सुरक्षिततेशी संबंधित आहे.

कार्ब्युरेटरच्या काळात न्यूट्रलमध्ये घरंगळण्याचा काही उपयोग होत असे. आजच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गिअरमध्येच राहू दिली, तर इंजिनाचा संगणक इंजेक्टर पूर्ण बंद करतो आणि चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. इंजिनाचे फेरे मिनिटाला साधारण बाराशे-पंधराशेच्या खाली येईपर्यंत पेट्रोल शून्य असते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी पेट्रोल घेतच राहते. उतारावर न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि अचानक वेग वाढवावा लागला तर गिअर हाताशी नसतो. पहाटेच्या पेट्रोलचेही तसेच. एका अंशाने तापमान वाढले की पेट्रोलचे आकारमान सुमारे ०.१ टक्क्याने वाढते, हे खरे आहे. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान पहाटे व दुपारी जवळजवळ सारखेच असते. यासाठी झोपमोड करण्याची गरज नाही.

ताई, आता तुमच्या रोजच्या रस्त्याकडे येतो. चालकासह सुमारे १,००० किलो भरणारी गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला नेण्यासाठी जी ऊर्जा लागते, तिचा हिशेब मांडला आणि पेट्रोलमधील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल लागते. पुढच्या चौकात ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळे १७ मिलिलिटर ब्रेकच्या उष्णतेत जाते. तोच वेग ताशी ४० असेल तर नुकसान ८ मिलिलिटरच्या आत राहते. चिंचभुवन ते सिव्हिल लाइन्स या प्रवासात दहा-बारा वेळा पूर्ण थांबावे लागले, तर ६० आणि ४० यांतील फरकच शंभर मिलिलिटरच्या घरात जातो आणि लिटरमागे १३ च्या हिशेबाने तुमच्या एका फेरीला एकूण लागतेच मुळी नऊशेच्या आसपास. म्हणून शहरात पेट्रोल वाचवण्याचे खरे साधन ब्रेक न लागू देणे हे आहे. पुढच्या गाडीपासून थोडे अधिक अंतर ठेवावे, नजर दोन गाड्यांच्या पलीकडे असावी आणि सिग्नलवरील उलट मोजणीचे आकडे लांबून दिसत असतील तर त्यानुसार पाय आधीच उचलावा. लाल दिव्याकडे वेगाने धावून काहीच हाती लागत नाही.

त्याच कारणाने सकाळी विमानतळाजवळून अजनी चौकापर्यंतचा दुमजली उड्डाणपूल घ्यावा. खालचा रस्ता अंतराने तेवढाच असला तरी छत्रपती चौकासारख्या ठिकाणचे थांबे पुलावर टळतात. अजनी चौकापासून पुढे व्हरायटी चौकापर्यंत मात्र संयमच कामी येतो. गिअर लवकर वर न्यावेत; सपाट रस्त्यावर दोन हजार फेऱ्यांच्या आसपास बदलले तरी इंजिन कुरकुरत नाही. तीन सिलिंडरचे इंजिन थरथरू लागले तर मात्र एक गिअर खाली यावे, वरच्या गिअरमध्ये त्याला रेटू नये.

एसीविषयी तुमची भूमिका योग्य आहे. नागपूरच्या उन्हात मुलाबाळांसह काचा उघड्या ठेवून जाण्यात शहाणपण नाही. उन्हात तापलेल्या गाडीला थंड करताना कॉम्प्रेसरवर सर्वाधिक भार येतो, म्हणून तो सुरुवातीचा काळ कमी करावा. शाळेबाहेर शक्य असल्यास कडुनिंबाची सावली गाठावी, पुढच्या काचेला आतून पडदा लावावा आणि निघताना चारही काचा उघडून पहिले दोन-तीन मिनिटे आतली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी. मग काचा बंद करून एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवावा. रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीत रस्त्यांच्या कामांची धूळ बसते. ती पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुऊन घ्यावी आणि केबिनचा फिल्टर पाहावा. जाळी आणि फिल्टर तुंबले की गारवा येण्यासाठी कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. उभ्या गाडीचे लहान पेट्रोल इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेते, एसी सुरू असेल तर ते लिटरच्या आसपास जाते. शाळेबाहेर वाट पाहताना इंजिन किती वेळ सुरू राहते, हा हिशेब त्यावरून तुम्हीच करू शकाल.

इथेनॉलचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात केवळ ऊर्जेच्या हिशेबाने सहा-सात टक्के तूट येते. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अकाली पेट न घेण्याची क्षमता, अधिक असल्याने त्यासाठी जुळवलेले इंजिन यातील काही भाग भरून काढते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणात ई२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, जुळवलेल्या चारचाकींत १ ते २ टक्के आणि इतरांत सुमारे ३ ते ६ टक्के घट सांगितली होती. तुमची गाडी २०१९ ची आहे, म्हणून दुसरा आकडा धरावा. १७ मधून ६ टक्के वजा केले तर १६ उरतात. शिवाय हिवाळ्यातही पंपावर तेच पेट्रोल मिळत होते. १७ चे १३ होण्याचे कारण इथेनॉल नव्हे, एवढे निश्चित म्हणता येते.

कंपनीच्या जाहिरातीतील आकड्याशी तुलना करू नये, हेही सांगून ठेवतो. तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून, ठरावीक वेगाच्या आराखड्यानुसार काढलेला असतो आणि त्या आराखड्यात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला तो उपयुक्त आहे, अजनी चौकातील वास्तवाशी ताडून पाहायला नाही.

समृद्धीचा प्रवासी

शहराविषयी वर पुरेसे लिहून झाले आहे, म्हणून हमरस्त्यापुरते लिहितो. कामानिमित्त मी समृद्धी महामार्गाने छोट्या गाडीने नेहमी जातो. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, पण मर्यादा म्हणजे तेवढ्या वेगाने गेलेच पाहिजे असे नव्हे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून १२० वर गेल्यास तो सुमारे पावणेदोन पट होतो आणि एक लिटरच्या इंजिनाला तो पेलण्यासाठी बरीच जास्त ताकद लावावी लागते. मी ९० च्या आसपास डाव्या बाजूने जातो आणि ओव्हरटेकपुरताच वेग वाढवतो. पेट्रोलमधील फरक टाकी भरताना स्पष्ट दिसतो. या वेगाला काचा मात्र बंद ठेवाव्यात, कारण उघड्या काचांमुळे हवेचा रोध वाढतो आणि एसी बंद ठेवून केलेली बचत त्यातच निघून जाते. टपावर कॅरियर असेल आणि त्यावर सामान नसेल, तर तो काढून ठेवावा.

हवेविषयी काकांनी जे लिहिले, ते या रस्त्यावर पेट्रोलपुरते राहत नाही. हवा कमी असलेल्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक दबते, तापते आणि सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास वेगाने धावल्यावर तो फुटण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात निघण्यापूर्वी पहाटे थंड टायर मोजल्याशिवाय आणि टायरच्या बाजूला चिरा नाहीत ना हे पाहिल्याशिवाय मी शिवमडक्याला समृद्धीवर गाडी चढवत नाही. ताई वर्ध्याला जातात तोही रस्ता उन्हात तापतोच.

वर्धारोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांच्या क्रमानेच तपासणी केली. सकाळी मोजल्यावर चारही टायरमध्ये हवा २७ च्या जवळपास निघाली, स्टिकरवर ३३ लिहिले आहे. वर्ध्याहून परतताना मागचे डावे चाक इतर तिन्हींपेक्षा स्पष्टपणे अधिक गरम होते. परिसरातील मेकॅनिककडे जॅकवर उचलून पाहिले, तेव्हा ते चाक हाताने जेमतेम अर्धा फेरा फिरत होते. हँडब्रेकची केबल आवरणात अडकून राहत होती. ती बदलून घेतली आणि दोन्ही मागच्या चाकांचे शू साफ करून बसवले.

टाकीच्या हिशेबाने आता शहरात १५ पेक्षा थोडे जास्त आणि वर्ध्याच्या रस्त्यावर २० मिळत आहेत. शाळेजवळ सावलीची जागाही सापडली आहे. इंजेक्टरची सफाई करून घेतली नाही.

एक शेवटचा प्रश्न विचारते. मागचे टायर झिजत आले आहेत. दुकानदार म्हणतात की एक माप रुंद टायर घातले तर पकड वाढेल आणि गाडी हमरस्त्यावर अधिक स्थिर राहील. ॲव्हरेजच्या दृष्टीने हे योग्य होईल का?

निवृत्त यंत्रज्ञ, हिंगणा रोड

ताई, नेमका दोष सापडला हे वाचून फार समाधान वाटले. शहरात हिवाळ्यापेक्षा जो एखादा किलोमीटर अजून कमी आहे, तो एसीचा समजावा. पाऊस सुरू झाला की तो परत येईल.

टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच घ्या. एवढ्या लहान इंजिनाला रुंद टायर ओढायला जड जातात आणि त्यांना हवेचाही रोध जास्त होतो. रुंद टायरचा बाहेरचा व्यास मूळ टायरपेक्षा वेगळा असेल, तर वेग आणि किलोमीटर दाखवणारे मीटरही चुकते, मग ॲव्हरेजचा कुठलाच हिशेब खरा निघत नाही. पकडीसाठी माप वाढवण्यापेक्षा चांगल्या दर्जाचा, अलीकडे तयार झालेला टायर निवडावा. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा कोरलेला असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. म्हणजे १२२६ असेल तर तो २०२६ च्या बाराव्या आठवड्यातील टायर. दुकानात जुना साठा दाखवला तर नवा मागून घ्या. दोन्ही मागचे टायर एकाच वेळी बदला, त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्या आणि हवा दुकानात भरून घेतली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या गेजने पुन्हा मोजा.